पुस्तकं घरी आली, सिनेमे वाटेत राहिले

म्हैसूरच्या दक्षिण अंगाला कुवेंपुनगर आहे. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, निवृत्त प्राध्यापकांची आणि बँकवाल्यांची घरं, कोपऱ्याकोपऱ्यावर दर्शिनी, म्हणजे उभ्या-उभ्या खाण्याची छोटी उपाहारगृहं. वस्तीला नाव दिलंय ते के. व्ही. पुट्टप्पा ऊर्फ कुवेंपु यांचं. कन्नडला १९६७ सालचं पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे आणि म्हैसूर विद्यापीठाचं कुलगुरुपद भूषवलेले हे कवी. इथल्या रस्त्यांच्या पाट्या वाचत चालत गेलं, तर एखाद्या कवीच्या समग्र वाङ्मयाची अनुक्रमणिका चाळल्यासारखं वाटतं. उदयरवी रस्ता आहे. 'उदयरवी' हे कुवेंपुंच्या घराचं नाव. अनिकेतन रस्ता त्यांच्या कवितेवरून. पंचमंत्र रस्ता त्यांनी सांगितलेल्या मनुजमत, विश्वपथ, सर्वोदय, समन्वय आणि पूर्णदृष्टी या पाच सूत्रांवरून. याच वस्तीत 'गानभारती' या संस्थेचं वीणे शेषण्णा भवन आहे आणि तिथं कर्नाटक संगीताच्या मैफली होतात. एका कवीच्या नावानं वसलेलं आणि त्याची सूत्रं पाट्यांवर लिहिणारं असं उपनगर महाराष्ट्रात शोधावंच लागेल.

मराठी वाचकाला मात्र कुवेंपुनगर दुसऱ्या एका लेखकामुळे जवळचं वाटायला हवं. एस. एल. भैरप्पा इथंच राहत. हासन जिल्ह्यातल्या संतेशिवर गावी १९३१ साली जन्मलेला हा मुलगा लहान वयात प्लेगमुळे आईला पोरका झाला. शाळा सोडून भटकत मुंबईला आला, रेल्वे स्थानकावर हमाली केली, साधूंच्या जथ्याबरोबर फिरला आणि शेवटी म्हैसूरला परतून तत्त्वज्ञानाचा सुवर्णपदकविजेता विद्यार्थी झाला. पुढं प्राध्यापकी, संशोधन आणि कादंबरीमागून कादंबरी. २४ सप्टेंबर २०२५ रोजी ते गेले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी घरातलंच माणूस गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली. 'पर्व', 'वंशवृक्ष', 'तंतू', 'मंद्र', 'आवरण' ही नावं आपल्याकडच्या वाचनालयांत इतकी रुळली आहेत, की भैरप्पा मराठीत लिहीत नव्हते हे नव्या सभासदाला मुद्दाम सांगावं लागतं.

याचं श्रेय उमा कुलकर्णींचं. बेळगावात वाढलेल्या आणि पुण्यात स्थायिक झालेल्या उमाताईंनी घरातल्या एका साध्या व्यवस्थेतून हे काम उभं केलं. पती विरूपाक्ष कन्नड वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत उतरवत. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला १९८९ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. एका घरातल्या दोन माणसांनी चिकाटीनं काम केलं आणि एका भाषेतला लेखक दुसऱ्या भाषेचा झाला.

आता प्रश्न असा, की 'वंशवृक्ष' वाचलेल्या किती मराठी माणसांनी त्याच कादंबरीवरचा कन्नड चित्रपट पाहिला आहे?

हा चित्रपट गिरीश कार्नाड आणि बी. व्ही. कारंत यांनी मिळून दिग्दर्शित केला. निर्माते जी. व्ही. अय्यर. १९७१ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत दोघांना दिग्दर्शनाचा पुरस्कार विभागून मिळाला. विधवा कात्यायनीच्या भूमिकेत एल. व्ही. शारदा, तर तिच्या प्रेमात पडणाऱ्या राजाच्या भूमिकेत स्वतः कार्नाड. पुढं कन्नडमधला मोठा तारा झालेला म्हैसूरचा विष्णुवर्धन याच चित्रपटातून पडद्यावर आला. आणि संगीत कोणाचं? भास्कर चंदावरकरांचं. 'घाशीराम कोतवाल' आणि 'सामना' यांचं संगीत ज्यांनी केलं, त्याच पुण्याच्या सतारियाचं. कार्नाडांचाही जन्म माथेरानचा, ते काही काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक होते आणि 'उंबरठा'त स्मिता पाटीलच्या नवऱ्याच्या भूमिकेत आपण त्यांना पाहिलंय. म्हणजे या चित्रपटाशी मराठीचं नातं पडद्याच्या पुढूनही आहे आणि मागूनही. तरीही मराठी घरात कादंबरी आहे, सिनेमा नाही.

याचं कारण भाषेत शोधलं तर सापडणार नाही. कादंबरीचं पुनर्मुद्रण होतं. कागद पिवळा पडला तर नवी आवृत्ती निघते, अनुवादक पुढं आला तर ती दुसऱ्या प्रांतात पोचते. चित्रपटाचं तसं नाही. त्याची एक मूळ निगेटिव्ह असते आणि काही प्रिंट असतात. प्रत्येक खेळाबरोबर प्रिंटवर ओरखडे चढतात, जोड तुटतात, छिद्रं फाटतात. निगेटिव्ह एखाद्या बंद पडलेल्या लॅबोरेटरीत किंवा निर्मात्याच्या वारसांच्या माळ्यावर पडून राहते. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फिल्म नायट्रेटची असे आणि ती भडकन पेटते. नंतर आलेली ॲसिटेट फिल्म पेटत नाही, पण उष्णतेत आणि दमट हवेत सडू लागते. अशा रिळाचा डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास आला की जाणकाराला कळतं, फार उशीर होण्याआधी हात घालायला हवा.

हात घालणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. रीळ आधी टेबलावर दोन चकत्यांमध्ये लावून हातानं, अगदी सावकाश फिरवतात. हातमोजे घातलेला तंत्रज्ञ कडेवरून बोट फिरवत जातो. कुठं छिद्र फाटलंय, कुठं जुना जोड सुटतोय, ते बोटाला आधी कळतं. फाटलेली जागा पातळ चिकटपट्टीनं सांधतात. मग रीळ धुतात. त्यानंतर स्कॅनर प्रत्येक चौकटीचं वेगळं छायाचित्र घेतो. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजारांहून अधिक. त्यातल्या चौकटी-चौकटीवरची धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके संगणकावर काढले जातात. मग काळं किती काळं आणि पांढरं किती पांढरं, हे ठरवायचं. हे काम सगळ्यात अवघड, कारण त्यासाठी मूळ चित्रपट कसा दिसत होता हे आठवणारा माणूस लागतो. छायालेखक हयात नसेल तर दिग्दर्शक, तोही नसेल तर एखादी चांगली जुनी प्रिंट. आवाजाची दुरुस्ती निराळी. पार्श्वभूमीची खरखर घालवताना पात्राचा श्वास निघून गेला, तर ती दुरुस्ती कसली?

हे सगळं एका कन्नड चित्रपटाच्या वाट्याला नुकतंच आलं. तो म्हणजे गिरीश कासारवल्लींचा 'घटश्राद्ध'. १९७७ चा कृष्णधवल चित्रपट, त्या वर्षीचा सुवर्णकमळ विजेता. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या फिल्म फाउंडेशनचा वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट आणि मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सहकार्यानं त्याचं रिस्टोरेशन केलं. प्रत्यक्ष काम इटलीतल्या बोलोन्याच्या 'लिमाजिने रित्रोवाता' प्रयोगशाळेत झालं आणि पैसा हॉब्सन-लुकास फॅमिली फाउंडेशननं दिला. २०२४ च्या व्हेनिस महोत्सवात अभिजात चित्रपटांच्या विभागात तो दाखवला गेला. निर्माते सदानंद सुवर्ण हे मुंबईच्या कन्नड रंगभूमीवरचे कार्यकर्ते. त्या महोत्सवाच्या थोडंच आधी, जुलै २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. छायालेखक एस. रामचंद्र तर आधीच गेले होते. सत्तेचाळीस वर्षांनी काम हाती घेतलं की अशी माणसं वाटेतच निसटतात. उशिराची किंमत ती हीच.

'घटश्राद्ध'ची कथा यू. आर. अनंतमूर्तींची. ते म्हैसूर विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांचं बालपण शिमोगा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यातलं, कासारवल्लीही त्याच तालुक्यातले आणि कुवेंपुंचं गाव कुप्पळीही तिथंच. मलनाड या डोंगराळ भागातल्या एका तालुक्यानं कन्नडला एवढं दिलं, की म्हैसूरच्या उपनगरांची नावं त्यावर बेतता यावीत! कासारवल्ली मात्र सिनेमा शिकले ते पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या जागेवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. शिक्षण संपवून, कारंतांच्या 'चोमन दुडी'त सहायक म्हणून हात साफ करून त्यांनी 'घटश्राद्ध' केला, तेव्हा त्यांनी सत्ताविशीही पूर्ण केली नव्हती.

गोष्ट अशी. नाणी नावाचा लहानगा वेद शिकायला उडुपांच्या पाठशाळेत येतो. उडुपांची तरुण विधवा मुलगी यमुना त्याला मायेनं सांभाळते. गावातल्या शिक्षकापासून तिला दिवस जातात. गावाला कुणकुण लागते आणि बापाच्या गैरहजेरीत तिच्याभोवती फास आवळत जातो. शेवटी जात तिला जिवंतपणीच मेलेली ठरवते, तिच्या नावानं घट फोडून श्राद्ध उरकते. चित्रपट हे सगळं मुलाच्या डोळ्यांनी दाखवतो. मोठी माणसं काय करताहेत ते त्याला अर्धंच कळतं. आपल्याला मात्र पूर्ण कळतं, आणि त्या फरकातून हा चित्रपट अंगावर येतो. वडील नाणीला घरी न्यायला येतात. जाताना त्याला झाडाखाली एकटी बसलेली यमुना दिसते. डोकं भादरलेलं, कोणी जवळ नाही. बाप मुलाला ओढत पुढं नेतो.

हे पाहताना मराठी माणसाला आपल्या वाङ्मयाचा अख्खा एक धागा आठवायला हवा. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, विधवांच्या दुःखाची मराठीतली पहिली मोठी कहाणी. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो' सुरू केली. तिची नायिका यमू, आणि तिच्याही डोक्यावर शेवटी वस्तरा चालतोच. १८९६ साली महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची सुरुवात केली, तीही अशाच यमुनांसाठी. हे सगळं आपण पाठ्यपुस्तकातून शिकतो. पण सोवळ्यातल्या बाईचं लाल आलवण, पाठशाळेतली मुलांची संथा, पडवीवर पडणारी पावसाळी उजेडाची तिरीप, माणसं बोलता बोलता एकमेकांकडे कशी पाहतात आणि कशी पाहत नाहीत, हे आपट्यांच्या शब्दांतून मनानंच उभं करावं लागतं. 'घटश्राद्ध'मध्ये ते समोर आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या मलनाडात ती घरं, ती भांडी, ते उच्चार अजून जिवंत होते, आणि कॅमेऱ्यानं ते टिपले. आज तीर्थहळ्ळीला जाऊन ते सापडणार नाही.

वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मंदिरं, पैठण्या आणि लावण्या येतात. त्यात गैर काही नाही. पण यमुनेचं भादरलेलं डोकं हाही आपला वारसाच आहे आणि तो विसरण्याची सोय आपल्याला नको. जुना चित्रपट पुन्हा स्वच्छ होऊन येतो, तेव्हा तो अभिमानाच्या गोष्टींबरोबर शरमेच्या गोष्टीही घेऊन येतो. आणि म्हणूनच तो आणायचा. (याच कथेवर अरुण कौल यांनी 'दीक्षा' हा हिंदी चित्रपट केला, त्यात नाना पाटेकर आहेत. दोन्ही एकामागोमाग पाहावेत.)

म्हैसूरच्या दुसऱ्या एका लेखकाच्या बाबतीत वारशाचं काय झालं, तेही सांगायला हवं. आर. के. नारायण याच शहरात, यादवगिरीत राहत. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. 'द गाइड' या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देव आनंदनं चित्रपट करायचं ठरवलं, तेव्हा नारायण यांनी चित्रपटवाल्यांना म्हैसूरच्या आसपासच्या जागा हौसेनं दाखवल्या, कारण त्यांच्या मनातलं मालगुडी तिथं होतं. चित्रीकरण झालं ते मात्र जयपूर-उदयपूरकडं. नारायण यांना हे खुपलं आणि त्यांनी त्यावर एक निबंधच लिहिला. 'गाइड' भव्य झाला, विजय आनंदनं त्याला गती दिली, वहिदा रेहमानची रोझी अजून विसरता येत नाही, सचिन देव बर्मन यांचं संगीत तर आहेच. पण कावेरीकाठचं गाव त्यात नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये देव आनंदच्या जन्मशताब्दीनिमित्त 'सी.आय.डी.', 'गाइड', 'ज्वेल थीफ' आणि 'जॉनी मेरा नाम' हे चार चित्रपट नव्या 'फोर के' रूपात देशभर मोठ्या पडद्यावर दाखवले गेले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, गाण्यांना टाळ्या दिल्या. रिस्टोरेशननं रंग परत आणले. जे मुळात कॅमेऱ्यासमोर नव्हतं ते कोणतंच यंत्र परत आणू शकत नाही. चित्रपट कुठं चित्रित होतो यालाही म्हणूनच महत्त्व आहे. पन्नास वर्षांनी तोच पुरावा होणार असतो.

पुरावाच नष्ट झाल्याचं उदाहरण आपल्या कोल्हापुरातलं आहे. कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना' ३ मार्च १९३४ रोजी बेंगळुरूत लागला. दिग्दर्शक वाय. व्ही. राव, इंद्रजिताच्या भूमिकेत एम. व्ही. सुब्बय्या नायडू, रावण झालेले आर. नागेंद्र राव, सुलोचना त्रिपुरांबा. चित्रीकरण मात्र झालं कोल्हापुरातल्या छत्रपती स्टुडिओत. दोनच वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, याच गावात प्रभातनं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट केला होता. आपला तो बोलपट आज पाहता येतो. कन्नडचा पहिला बोलपट कुठंच नाही. काही छायाचित्रं आणि आठवणी तेवढ्या उरल्या. एकाच गावात, दोन वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या दोन चित्रपटांपैकी एक आहे आणि एक नाही. कोणाच्या गुणवत्तेचा इथं संबंध नाही. एकाची प्रत कुणीतरी सांभाळली, दुसऱ्याची सांभाळली नाही, एवढंच.

सांभाळणारी माणसं आपल्याकडं थोडीच होऊन गेली. त्यात पहिलं नाव पी. के. नायर यांचं. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नायर तिथं आले. फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळं शोधण्यापासून ते परदेशी अभिजात चित्रपटांच्या प्रती मिळवण्यापर्यंत त्यांनी सगळं केलं. त्यांच्या काळात संग्रह सुमारे १२ हजार चित्रपटांवर गेला. २०१२ साली शिवेंद्र सिंग डुंगरपूर यांनी त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट केला आणि दोन वर्षांनी मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन स्थापन केली. 'घटश्राद्ध' वाचवणारी संस्था ती हीच. पुण्यातही सगळं सुरळीत झालं असं नाही. जानेवारी २००३ मधल्या आगीत नायट्रेटची किती तरी रिळं गेली, त्यात प्रभातच्या चित्रपटांचाही समावेश होता.

पण नायर यांचं सगळ्यात मोठं काम मला वाटतं ते वेगळंच. शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात हेग्गोडू हे सुपारीच्या बागांचं गाव आहे. तिथं के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ मध्ये 'निनासम' ही नाट्यसंस्था काढली. पुढं १९९१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सुब्बण्णा कासारवल्लींचे मामा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ठरवलं, की गावकऱ्यांना जगातले उत्तम चित्रपट दाखवायचे. पुण्याहून नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर हेग्गोडूला जाऊ लागले. संग्रहालयातल्या प्रिंट गावात पोचल्या. 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्ह्ज', 'राशोमान' असे चित्रपट सुपारी सोलणाऱ्या माणसांनी पाहिले. भाषा येत नाही, देश ठाऊक नाही, तरी पाहिले, कारण आधी त्यांना आपल्या भाषेत कोणीतरी समजावून सांगितलं होतं. 'सेल्युलॉइड मॅन'मध्ये त्या गावातली माणसं या चित्रपटांविषयी बोलतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात कसलाही आव नाही. इटलीतली चोरीला गेलेली सायकल त्यांना आपल्या गावातली वाटते.

म्हणजे चित्रपट परत आणायचा तर दोन कामं करावी लागतात. पहिलं प्रयोगशाळेतलं, ते पैशानं आणि कौशल्यानं होतं. दुसरं प्रेक्षकांतलं, आणि तिथं आपण कमी पडतो. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं नॅशनल फिल्म हेरिटेज मिशनसाठी ५९७ कोटी रुपयांची तरतूद केली. शेकडो चित्रपटांचं काम त्यातून हाती घेतलं गेलं. पण स्वच्छ झालेला चित्रपट एखाद्या महोत्सवात एकदा दाखवून पुन्हा हार्ड डिस्कवर गेला, तर सामान्य माणसाला त्याचा काय उपयोग?

लोकांपर्यंत नेलं की काय होतं, ते 'मंथन'नं दाखवलं. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन श्याम बेनेगलांचा हा चित्रपट १९७६ साली उभा केला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची, प्रमुख भूमिकांत गिरीश कार्नाड आणि स्मिता पाटील. मे २०२४ मध्ये तो नव्यानं कान महोत्सवात दाखवला गेला आणि लगेच जूनच्या पहिल्या दोन दिवसांत भारतातल्या अनेक शहरांतल्या चित्रपटगृहांत लागला. महोत्सव आणि गल्ली यांच्यात आठवड्या-दोन आठवड्यांचंच अंतर ठेवलं. असंच व्हायला हवं.

कन्नड प्रेक्षकांनी पुनरुज्जीवनाचा आणखी एक मार्ग अनुभवला आहे: रंग चढवण्याचा. 'सत्य हरिश्चंद्र' हा कन्नड नायक राजकुमार यांचा १९६५ चा कृष्णधवल चित्रपट २००८ मध्ये रंगीत होऊन पुन्हा आला. दिग्दर्शक हुणसूर कृष्णमूर्ती. हुणसूर म्हणजे म्हैसूर जिल्ह्यातलंच गाव. २०१४ मध्ये 'कस्तुरी निवास' तसाच रंगवून आला. दोन्हींना गर्दी झाली, नव्या पिढीनं राजकुमार मोठ्या पडद्यावर पाहिले, हे खरंच. फाळक्यांनी १९१३ मध्ये ज्या कथेनं भारतीय चित्रपटाची सुरुवात केली, तीच हरिश्चंद्राची कथा शतकभर लोकांना थिएटरात ओढून आणते, यातही आपल्या समाजाच्या मनाचं दर्शन आहे. तरीही रंग चढवणं हे जतन नव्हे, असं ठामपणे म्हटलं पाहिजे. छायालेखकानं करड्याच्या ज्या छटा मोजून मापून टाकल्या, त्यांवर नंतर कोणी साडीचा रंग ठरवायचा? रंगीत प्रत काढायचीच असेल तर काढावी, पण मूळ कृष्णधवल प्रतही तितक्याच निगुतीनं सांभाळून सोबत दाखवावी. 'घटश्राद्ध'ला रंग दिला असता तर यमुनेच्या आयुष्यातला सगळा अंधार निघून गेला असता.

म्हैसूरमध्ये सिनेमाचा इतिहास नुसता कागदावर नाही. हुणसूर रस्त्यावर १९५४ साली एम. एन. बसवराजय्यांनी प्रीमियर स्टुडिओ उभारला आणि किती तरी भाषांतले चित्रपट तिथं झाले. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' या मालिकेच्या सेटवर आग लागून ६२ माणसं मेली. प्रीमियरचे दिवस त्यानंतर संपले. करोनाच्या टाळेबंदीनंतर शहरातली शांतला, लक्ष्मी, सरस्वती अशी जुनी चित्रपटगृहंही बंद झाली. सरस्वती तर कुवेंपुनगरपासून हाकेच्या अंतरावर होतं. जुने चित्रपट परत येत असताना ते लावायचे एकपडदा चित्रपटगृहच जागेवर नसावं, ही म्हैसूरची आणि तेवढीच पुण्या-कोल्हापूर-सोलापूरचीही अडचण आहे. त्यामुळं आता भार महाविद्यालयांच्या सभागृहांवर, वाचनालयांवर आणि फिल्म सोसायट्यांवर येतो.

आणि इथं मराठी माणसाला करण्यासारखं पुष्कळ आहे. भैरप्पांच्या कादंबऱ्यांवर चार महत्त्वाचे चित्रपट झाले: 'वंशवृक्ष', 'तब्बलियु नीनादे मगने' (त्याचं हिंदी रूप 'गोधूळी'), टी. एन. सीताराम यांचा 'मतदान' आणि कासारवल्लींचा 'नायि नेरळु'. शेवटच्यात म्हैसूरची पवित्रा लोकेश वेंकटलक्ष्मीच्या भूमिकेत आहे. मेलेला मुलगा दुसऱ्या घरी पुन्हा जन्मला, असं मानणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची आणि त्यांच्या विधवा सुनेची ती गोष्ट. कुवेंपुंच्या 'कानूरु हेग्गडिती'वर कार्नाडांनी १९९९ मध्ये केलेला चित्रपटही त्याच पंगतीतला. हे सगळे चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवले गेले पाहिजेत. यातल्या काही कादंबऱ्या मराठीत आहेतच. त्यांच्या संवादांचं भाषांतर करायला नवा अनुवादक शोधायला नको, फार तर जुन्या अनुवादाशी मेळ घालणारा एक जाणकार पुरे. पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली, बेळगाव इथल्या फिल्म सोसायट्यांनी आणि ज्या वाचनालयांत भैरप्पांची पुस्तकं हातोहात जातात त्यांनी मिळून हे करावं. आधी कादंबरीवर चर्चा, मग चित्रपट, असा हेग्गोडूचाच क्रम ठेवावा.

आणि एक विनंती घराघरांतल्या लोकांना. ज्यांच्या माळ्यावर, गोदामात, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या पेटाऱ्यात रिळांचे गंजलेले डबे असतील, त्यांनी ते भंगारवाल्याला देऊ नयेत. उन्हात वाळवू नयेत, घरी प्रोजेक्टरवर लावून पाहूही नयेत. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथं आधी कळवावं आणि डबे जसे आहेत तसे तज्ज्ञांच्या हाती द्यावेत.